सिसिलीत आठ दिवस: काय, कुठे आणि किती वाजता

निघण्याआधी मी फोनमध्ये एकेचाळीस ठिकाणांची यादी करून ठेवली होती. पालेर्मोत ज्यांच्याकडे आम्ही खोली घेतली होती, त्या बाईंना ती पहिल्याच रात्री कौतुकाने दाखवली. त्यांनी चष्मा लावला, यादी खालपर्यंत वाचली आणि पेन मागितलं. मग एका कागदावर त्यातली सात-आठ नावं उतरवून प्रत्येकापुढे एकेक आकडा लिहिला. मला वाटलं, किंमत लिहीत असतील.

"किंमत नाही, वेळ," त्या म्हणाल्या. "हे सकाळी. हे दुपारी दोनच्या आत. हे सहानंतर. भलत्या वेळेला गेलात तर..." पुढचं वाक्य त्यांनी हातानेच पूर्ण केलं.

माझ्या यादीत जागा होत्या, वेळा नव्हत्या. पुढचे आठ दिवस तो कागद आईच्या पर्समध्ये राहिला आणि फोनमधली यादी मी परत उघडलीसुद्धा नाही.

आम्ही म्हणजे मी आणि आई. आई सत्तरीची, माहेर मालवणचं, लग्नानंतर डोंबिवली. मासे म्हणजे जीव की प्राण, चिकन-मटण चालतं, गाईचं आणि डुकराचं कधीच नाही, आणि गुरुवारी यातलं काहीच नाही. दहा वर्षांपूर्वी ती एका टूरबरोबर रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस करून आली होती, पण रोज रात्री जिरा राइस, दाल फ्राय आणि गुलाबजाम खाऊन. "इटलीला गेले नि इटलीचा घासही खाल्ला नाही," हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. म्हणून या मे महिन्यात फक्त सिसिली. भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यात मोठं बेट, त्यामुळे आठ दिवसांत सगळं होत नाही. आम्ही पालेर्मो, त्रापानी, कातानिया आणि मोदिका एवढंच केलं.

पहिला दिवस, शुक्रवार: पालेर्मो

पोचायलाच रात्रीचे साडेदहा झाले. आईला वाटलं, आता सगळं बंद असणार, पिशवीतले खाकरे काढावे लागणार. खाली उतरून बघतो तर गल्लीत टेबलं मांडलेली आणि पाच-सहा वर्षांची पोरं आईबापांबरोबर नुकती जेवायला बसलेली.

कोपऱ्यावरच्या दुकानात काचेमागे आरांचिना रचून ठेवल्या होत्या. संत्र्याएवढा भाताचा गोळा, आत सारण, बाहेर पावाच्या चुऱ्याचं कवच, आणि गरम तेलातून काढलेला. नावही संत्र्यावरूनच आलंय. मात्र हा 'आरांचिना' उच्चार पालेर्मोचा. तिथे ती गोल आणि स्त्रीलिंगी. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कातानियात हाच पदार्थ 'आरांचिनो' होतो, बऱ्याचदा शंकूसारखा टोकदार आणि पुल्लिंगी. यावरून दोन्ही शहरांत खरोखरच भांडणं होतात. आईने पाच दिवसांनी दोन्ही खाऊन निकाल दिला: "ती बरी. तो नुसताच उंच."

न खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 'आल बुर्रो' म्हणजे लोण्याची आरांचिना असं पाटीवर वाचून शाकाहारी माणूस खूश होतो, पण आत चीजबरोबर हॅम असतं. 'आल्ली स्पिनाची' म्हणजे पालकाची मागा, आणि तरीही एकदा विचारून घ्या. "सेन्त्सा कार्ने?" म्हणजे मांसाशिवाय ना? हे दोन शब्द आईने दुसऱ्या दिवसापर्यंत असे घोटले की पुढे ती ते पाणी मागतानाही म्हणायची.

दुसरा दिवस, शनिवार: बाल्लारो

कागदावर बाल्लारोपुढे ११ लिहिलं होतं. हा पालेर्मोतला जुना बाजार. भाजी, मासे, ऑलिव्ह, मसाले सगळं रस्त्यावर, आणि विक्रेत्यांचं गाऊन ओरडणं. त्या ओरडण्याला तिकडे 'आब्बान्नियाता' असा खास शब्द आहे. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांत आयुष्य गेलेल्या आईला एक अक्षर न कळताही सगळं कळत होतं. "तो बघ, त्याची वांगी संपत आलीत. आवाज बघ कसा उतरलाय."

वांगी मात्र बघण्यासारखी होती. जांभळी, फिकट जांभळी, नारळाएवढी गोल. इसवी सन ८२७ मध्ये अरब फौजा सिसिलीत उतरल्या. पुढे १०७२ मध्ये नॉर्मन लोकांनी पालेर्मो जिंकलं. मधल्या काळात लिंबू, ऊस, वांगं हे सगळं अरबांबरोबर बेटावर रुजलं असं मानतात. वांगं तर मूळचं आपल्याच बाजूचं. हे आईला सांगितल्यावर ती त्या ढिगाकडे माहेरच्या माणसासारखी बघायला लागली.

पुढे एका गाड्यावर मोठी कढई होती. मी पाटी वाचण्याआधीच आई थांबली. "बेसन आहे गो हे."

ते होते पानेल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात कालवायचं, मीठ घालून गाठी होऊ न देता घट्ट होईपर्यंत घोटायचं, पार्सली टाकायची, थापून गार करायचं, पातळ तुकडे कापून तळायचे आणि तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून द्यायचे. बेसन आणि पाव म्हटल्यावर मला अर्थातच वडापाव आठवला. आईला आठवली पाटवडी, आणि तीच जास्त बरोबर होती. तिने गाडीवाल्या काकांसमोर हवेत पातेलं धरून पिठलं घोटलं, ताट पालथं करून थापलं, सुरीने चौकोन कापले. काका कढई सोडून बघत राहिले. मग ओरडले, "पानेल्ले!"

"पाटवडी," आई म्हणाली.

"पातावादी," काका म्हणाले.

यानंतर दहा मिनिटं माझ्या फोनवरून परिसंवाद झाला. हळद? नाही. हिंग? हा शब्द फोनने भाषांतरित केला तेव्हा काकांनी नाक मुरडलं, त्यावरून काहीतरी भलतंच भाषांतर झालं असावं. फोडणी? ती कल्पनाच पोचली नाही. शेवटी काकांनी आईच्या पावात दोन जादा तुकडे घातले आणि फक्त एकाचे पैसे घेतले, तीन युरो. चव म्हणाल तर बिनफोडणीचं पिठलं, पण कडा कुरकुरीत आणि मधे लुसलुशीत. बरोबर बटाट्याचे लांबट वडे असतात, काझ्झिल्ली नावाचे. तेही घ्या. शाकाहारी माणसाला पालेर्मोत उपाशी राहायची वेळ आली तर चूक त्याची.

शेजारच्या गाड्यावर वासराची प्लीहा आणि फुप्फुस उकडून, मग चरबीत परतून पावात घालून देत होते. 'पानी का मेउझा' म्हणतात. आम्ही खाल्लं नाही, पण त्याची भाषा ऐकण्यासारखी आहे. नुसतं लिंबू पिळून घेतलं तर ती 'स्किएत्ता', म्हणजे बिनलग्नाची. वर रिकोत्ता, म्हणजे पनीरसारखं मऊ चीज, आणि किसलेलं चीज घातलं की 'मारिताता', लग्न झालेली. आमच्यापुढच्या आजोबांनी बिनलग्नाची मागितली आणि रांगेत हशा पिकला.

जाता जाता आणखी एक. पालेर्मोत दुकानांच्या दारावर 'आद्दिओपिझ्झो'चं स्टिकर दिसतं का बघा. माफियाला खंडणी द्यायची नाही असं ठरवलेल्या दुकानदारांची ही चळवळ २००४ मध्ये तरुण मुलांनी सुरू केली. खायची दोन दुकानं सारखीच वाटत असतील तर आम्ही स्टिकर बघून आत शिरायचो.

तिसरा दिवस, रविवार: शिरोक्को आणि तारली

सकाळी खिडकी उघडली तर बाहेर आभाळ मळक्या पिवळ्या रंगाचं, आणि भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा. बाईंनी धावत येऊन खिडकी लावली. "शिरोक्को!" आफ्रिकेकडून वाळवंटाची धूळ घेऊन येणारा हा वारा. मे महिन्यात छान हवा असते असं सगळीकडे वाचलं होतं. त्या दिवशी पारा पस्तिशीच्या पुढे गेला. बाल्कनीतल्या कपड्यांवर बारीक लालसर थर. आई म्हणाली, "मे महिना सोडून आलो असं वाटलं होतं, तो मागोमाग आलाच."

रविवारी चर्च सुटलं की तिथली माणसं मिठाईच्या दुकानाकडे वळतात. हातात सोनेरी दोरीने बांधलेलं खोकं घेऊन दुपारच्या जेवणाला कोणाकडे तरी जायचं, अशी रीत. आम्ही बेल्लिनी चौकातल्या सांता कातेरीना मठात गेलो. इथे सिसिलीतल्या निरनिराळ्या मठांतल्या जोगिणींच्या जुन्या कृतींनी केलेले गोड पदार्थ विकतात. घ्यायचं आणि मठाच्या अंगणात, कारंज्याशेजारी, संत्र्याच्या झाडाखाली बसून खायचं. बाहेर शिरोक्को आणि आत सावली. आम्ही दीड तास हललो नाही.

तिथे बदामाच्या पिठीची फळं होती, 'फ्रुत्ता मार्तोराना'. शेजारच्याच मार्तोराना मठाचं नाव. लिंबू, अंजीर, डाळिंब, सगळं इतकं हुबेहूब की डागसुद्धा रंगवलेले. आईने पेर हातात घेऊन दाबून बघितली. चव आपल्या बदामाच्या वडीची, फक्त जरा जास्त गोड. बघायला अप्रतिम, खायला एक पुरे.

दुपारी सार्डिनचा पास्ता, 'पास्ता कोन ले सार्दे'. सार्डिन म्हणजे आपली तारली. तिच्यात रानबडीशेपेचा कोवळा पाला, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, केशर आणि बेदाणे. मासळीत बेदाणे हे ऐकूनच आईने चमचा खाली ठेवला. आमच्याकडे तारलीला तिरफळ लागतं, बेदाणे घालणाऱ्याला घराबाहेर काढतील. पहिला घास तिने माझ्याकडे बघत खाल्ला, दुसरा ताटाकडे बघत. वर भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरलेला होता. चीज परवडत नव्हतं तेव्हा गरिबांनी हा चुरा वापरायला सुरुवात केली, असं वाढणाऱ्या मुलाने सांगितलं. ताट पुसून झाल्यावर तिचा शेरा: "तिरफळ हवंच होतं. पण वाईट नाही." माझ्या आईच्या तोंडून माशाच्या पदार्थाबद्दल "वाईट नाही" याचा अर्थ काय होतो, ते तिच्या दोन्ही सुनांना विचारा.

सूचना: रविवारी दुपारचं जेवण आधी सांगून ठेवा, सगळी घरं बाहेर जेवतात. रात्री उलट, निम्मी दुकानं बंद. आणि बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले दिसले तर भांडू नका, तो बसायचा आकार असतो. पाणीही विकतचं. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर स्वस्त, टेबलावर बसलात की महाग.

चौथा दिवस, सोमवार: त्रापानी, मीठ आणि गव्हले

त्रापानी पश्चिम टोकाला. शहरातून बाहेर पडलं की मिठागरं सुरू होतात आणि दक्षिणेला मार्सालापर्यंत अधूनमधून दिसत राहतात. मधे जुन्या पवनचक्क्या. खरी काढणी उन्हाळ्यात, जुलैनंतर. आम्ही गेलो तेव्हा गेल्या वर्षीच्या मिठाचे ढीग बांधावर होते आणि पावसापासून वाचवायला त्यांवर चक्क कौलं घातलेली. मालवणच्या घरावर असतात तशी, फक्त घराशिवाय. भाईंदर-वसईची मिठागरं लोकलमधून आयुष्यभर बघितलेल्या आईने इथे उतरून पहिल्यांदा मिठाचा खडा जिभेवर ठेवला. दोन किलोचं पुडकं घेतलं. वजनावरून मी कुरकूर केली. तिने ऐकलं नाही.

सोमवारी बऱ्याच खाणावळी बंद असतात हे मला कागदाने सांगितलं होतं, तरी संध्याकाळी चार दारांवरून परत आल्यावरच पटलं. पाचवं उघडं निघालं, बंदराजवळ, आठ टेबलांचं. तिथे कुस्कुस मागवलं.

कुस्कुस हे ट्युनिशियाकडचं अन्न. त्रापानीहून आफ्रिकेचा किनारा जवळ, आणि इथल्या कोळ्यांचं तिकडे जाणं-येणं. फरक एवढाच की इथे ते मांसाऐवजी माशाच्या रश्श्याबरोबर खातात. आम्ही विचारतोय म्हटल्यावर मालकाची आई स्वयंपाकघरातून पसरट मातीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि करून दाखवू लागली. रवा पसरायचा, बोटं ओली करून पाण्याचा हबका द्यायचा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहायचं, की रव्याचे बारीक दाणे वळले जातात.

"गव्हले!" आई उठून उभीच राहिली.

लग्नाच्या रुखवतासाठी पूर्वी बायका बसून करायच्या ते गव्हले. आजीच्या हाताखाली ते शिकलेली माणसं आता कमी उरली आहेत, आई त्यांतली एक. तिने पदर खोचून (पदर नव्हता, पंजाबी ड्रेसची ओढणी होती) चिमूटभर रवा घेतला आणि अंगठा-तर्जनीत वळून गव्हला दाखवला. त्या आजींनी तो तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेला, लेकाला हाक मारली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मला कोणी मधे घेतलंही नाही. पुढचा प्रकार आईला मोदकपात्रावरून समजला: हे दाणे चाळणीच्या भांड्यात घालून वाफवायचे, आणि खालचं-वरचं भांडं जिथे जुळतं तो सांधा कणकेच्या पट्टीने लिंपायचा, वाफ जाऊ नये म्हणून.

वर ओतलेला रस्सा टोमॅटो, लसूण, बदाम आणि चार प्रकारच्या काटेरी माशांचा. आठ दिवसांत आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं ते फक्त इथे.

पिणाऱ्यांसाठी एक ओळ: दुपारी मी मार्सालाला जाऊन आले. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने इथली वाइन मायदेशी पाठवताना प्रवासात नासू नये म्हणून तिच्यात दारूचा अर्क मिसळला, आणि ती मुरवलेली वाइन मार्साला नावाने गाजली. 'वेर्जिने' म्हणजे कोरडी मागा. गोड मार्साला केकमध्येच बरी. आईने बदामाचं गार दूध प्यायलं, 'लात्ते दी मान्दोर्ला', आणि वेलची नाही म्हणून गुण कापले.

पाचवा दिवस, मंगळवार: संप

त्रापानीहून बसने पालेर्मो, तिथून रेल्वेने कातानिया असा बेत. पालेर्मोच्या स्टेशनवर पाटीवर सगळ्या गाड्यांपुढे एकच शब्द. संप. तिकडे संप आधी जाहीर करून करतात, म्हणजे दोष आमचाच, आम्ही बघितलं नव्हतं. बसची पुढची मोकळी जागा साडेचार तासांनी.

मी वैतागून बॅगेवर बसले होते. इतक्यात भोंग्यातून ध्वनिमुद्रित आरोळी देत एक तीनचाकी आली, आपल्या मालवाहू रिक्षेची बहीण. तिकडे तिला 'लापा' म्हणतात. मागे काचेच्या पेटीत 'स्फिंचोने': जाड, मऊ पाव, वर टोमॅटो-कांद्याचा दाट थर, चीज, पावाचा चुरा आणि अँचोव्ही नावाच्या खारवलेल्या बारीक मासळीचे तुकडे. पिझ्झा म्हणू नका, विकणारा दुखावतो. हे माझ्या यादीत होतं, पण पालेर्मोत तीन दिवस शोधून मिळालं नव्हतं, कारण लापा फिरती. जागा लिहून उपयोगच नव्हता. आम्ही दोघींनी मिळून तीन खाल्ले. बस कधी आली ते मला आठवत नाही. आईला झोप लागली होती एवढं आठवतं.

सहावा दिवस, बुधवार: कातानिया

कातानियात 'ग्रानिता'पुढे ८ लिहिलं होतं. सकाळचे आठ. बर्फाचा पदार्थ नाश्त्याला? हो, आणि बरोबर गरम पाव. हा गोळ्यासारखा खिसलेला बर्फ नव्हे. रस, साखर आणि पाणी गोठताना सतत ढवळत ठेवतात, त्यामुळे सायीसारखा रवाळ होतो. फ्रीज नव्हते तेव्हा जवळच्या एत्ना ज्वालामुखीवरचा बर्फ खड्ड्यांत दाबून ठेवून उन्हाळ्यात खाली आणत. पावाचं नाव 'ब्रिओश कोल तुप्पो'. तुप्पो म्हणजे अंबाडा. गोल पावावर खरंच एक छोटा अंबाडा असतो. आधी तो तोडायचा आणि ग्रानितात बुडवायचा. आईने स्वतःचा अंबाडा चाचपला आणि पावाचा तोडला. बदामाचा आणि लिंबाचा असे दोन मागवा. पिस्ता घेतलात तर रंग बघा: झगझगीत हिरवा असेल तर सोडून द्या, खरा मळकट हिरवा असतो. एत्नाच्या पायथ्याच्या ब्रोंते गावचा पिस्ता प्रसिद्ध, पण झाडं वर्षाआड, विषम वर्षीच काढतात. सगळ्या दुकानांत बारमाही ब्रोंतेचाच पिस्ता कसा असतो, हा प्रश्न मी विचारला. उत्तरादाखल हसू मिळालं.

नऊ वाजता मासळीबाजार, ला पेस्केरिया. मोठ्या चौकात काळ्या दगडाचा हत्ती, त्याच्या मागे आमेनानो कारंजं. तिथे जमिनीखालून वाहणारी नदी क्षणभर वर येते आणि पाणी चादरीसारखं सलग पडतं. त्यामागच्या पायऱ्या उतरलं की बाजार. काळ्या लाव्हाच्या फरशा, पाणी, खवले, आरडाओरडा. तलवारमाशाची मुंडकी टोक आभाळाकडे करून मांडलेली, बाजूला त्याच्या धडाचे खांबासारखे तुकडे.

इथे मी मागे राहिले आणि आई पुढे. तिने कल्ले उघडून बघितले. तिसऱ्यांचा ढीग हाताने हलवून आवाज ऐकला. एका विक्रेत्याला तिने मान हलवून "ताजं नाही" असं सांगितलं, त्यावर तो रागावला, मग शेजारचा हसला, मग तो स्वतः हसला आणि खालच्या खोक्यातला दुसरा मासा काढून दाखवला. आईने होकार दिला. घ्यायचा नव्हताच, पण निकाल द्यायचा होता. आमच्याकडे चूल नव्हती याचं तिला झालेलं दुःख मी शब्दांत सांगू शकत नाही. बाजाराच्या कडेच्या खानावळीत तळलेले मासे कागदाच्या पुडीत मिळतात, त्यावर भागवलं. रविवारी बाजार बंद. अकरानंतर गेलात तर पर्यटकच जास्त दिसतील.

दुपारी चौकातल्या टपरीवर 'सेल्त्स, लिमोने ए साले'. लिंबू पिळून, मीठ घालून, वरून सोड्याची धार. म्हणजे आपला खारा लिंबूसोडा, दुसरं काही नाही. टपरीवाला लिंबू पिळायला लोखंडी दांड्याचं यंत्र वापरतो आणि ग्लास काठोकाठ भरतो. तो उभ्या उभ्या, झटकन संपवायचा. आईने संपवला, ढेकर दिली, आणि दोन युरो ऐकून म्हणाली, "दोनशे रुपयांचा सोडा. पण पचलं."

रात्री 'पास्ता आल्ला नोर्मा'. तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीची बहीण बाझिल आणि वर खारवलेल्या रिकोत्ताचा कीस. कातानियाचा संगीतकार बेल्लिनी, त्याच्या ऑपेरावरून हे नाव. शाकाहाऱ्यांनी डोळे मिटून मागवावं.

सातवा दिवस, गुरुवार: मोदिका

बसला वेळ होता म्हणून सकाळी स्टँडजवळ दोघींनी एकेक कान्नोलो खाल्ला. पीठ लाटून नळीवर गुंडाळून तळलेली सुरळी, आत मेंढीच्या दुधाचा गोड रिकोत्ता. आपण मागितल्यावर समोर भरून देतात तेच दुकान खरं, आधी भरून ठेवलेला मऊ पडतो. आई खूश. गुरुवारी इतकं चांगलं काही मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

मोदिका हे दरीच्या दोन्ही बाजूंनी चढत गेलेलं गाव. १६९३ च्या भूकंपानंतर नव्याने उभं राहिलेलं, आणि चॉकलेटसाठी प्रसिद्ध. कोको फार न तापवता त्यात साखर मिसळतात. साखर विरघळत नाही, म्हणून चॉकलेट दातांखाली रवाळ लागतं. स्पॅनिश राजवटीबरोबर ही रीत मेक्सिकोकडून आली असं सांगतात. आईला ते आवडलं नाही. "साखर नीट मुरली नाही." मला फार आवडलं. मिरचीचं घ्या.

एका छोट्या दुकानात काउंटरवर करंजीसारखी बिस्किटं चाखायला ठेवली होती. आईचा हात पुढे गेला. दुकानातल्या बाईंनी ताटच मागे ओढलं. "इंदियाने? कार्ने!" मग फोनवर लिहून दाखवलं. त्या करंजीचं नाव 'म्पानातिग्गी', आणि आत चॉकलेट, बदाम आणि गाईचं मांस. चव लागत नाही, म्हणून सांगावंच लागतं, असं त्या म्हणाल्या. मला घाम फुटला. त्यांनी लगेच आणखी काय काय टाळायचं याची यादी सुरू केली. अमुक पावात स्त्रुत्तो असतो, तमुक बिस्किटात असतो, कान्नोलोच्या सुरळीतही बहुतेक...

"स्त्रुत्तो म्हणजे?" आईने विचारलं.

डुकराची चरबी. मी सांगितलं. दुसरा पर्यायच नव्हता.

आई थोडा वेळ दुकानातल्या खुर्चीत बसून राहिली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "सकाळी ते संकष्टीच्या मोदकासारखं लागत होतं." परत थोड्या वेळाने: "दत्तगुरूंना मराठी येतं. इटालियन कुठे येतं." आणि तिने तो विषय तिथेच मिटवला. त्यानंतर दिवसभर तिने फळांशिवाय काही खाल्लं नाही, पण चिडलीही नाही. जे काटेकोर शाकाहारी आहेत त्यांनी मात्र 'स्त्रुत्तो' हा शब्द हातावर लिहून ठेवावा. अँचोव्हीला 'अच्चूगे' म्हणतात, तोही.

दुकानातून निघताना बाईंनी हातात काहीतरी दिलं, कागदात गुंडाळलेलं. तीळ आणि मध शिजवून केलेली कडक वडी. तिकडचं नाव 'कुब्बाइता'. दुसरं नाव 'जुज्जुलेना', ते अरबीतल्या तिळाच्या शब्दावरून. आई म्हणाली, "चिक्की." आणि माझ्याकडे वळून, "यांना सांग, आमच्याकडे ही दिली की गोड बोलायचं असतं." मी सांगितलं. बाईंना ते फोनवर दोनदा वाचावं लागलं.

आठवा दिवस, शुक्रवार: परत कातानिया

एत्नावर गेलो नाही. आल्यापासून सगळे तेच विचारतात. आईचे गुडघे आणि उरलेला एकच दिवस, यात आम्ही दुसऱ्यांदा ग्रानिता आणि दुसऱ्यांदा मासळीबाजार निवडला. परवाच्या त्या विक्रेत्याच्या शेजाऱ्याने आईला ओळखून हात केला. तिने त्याचेही कल्ले तपासले. ज्वालामुखी विमानाच्या खिडकीतून दिसला, वर धुराची बारीक रेघ.

आणायचंच असेल तर मिठात खारवलेले पान्तेल्लेरिया बेटावरचे केपर, म्हणजे एका झुडपाच्या कोवळ्या कळ्या, आणा, व्हिनेगरमधले नकोत. आई त्यांना "ओल्या मिरीचं लोणचं" म्हणते आणि दहीभाताबरोबर खाते. मला हे त्या बेटावरच्या लोकांना कळवायची इच्छा नाही.

मिठाचं पुडकं सामानात सुखरूप आलं. आल्यावर आठवड्याभरात कैऱ्या आल्या बाजारात, तेव्हा तिने लोणच्याला तेच मीठ वापरलं. बरणी सध्या कपाटात वरच्या फळीवर आहे. मी परवा झाकण उघडायला गेले तर ओरडली, "पंधरा दिवस झालेत फक्त. किती वाजता काय खायचं हे तुला अजून कळलं नाही."

आणि पर्समधून तो कागद काढून त्यावर स्वतः लिहिलं: लोणचं, गणपतीनंतर.